अखेरच्या मानवंदनेतील सावधपण

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे; त्यामुळे सैनिकाला अखेरचा निरोप देणाऱ्या तीन फैरी आम्हा सीमावासीयांच्या कानांना परक्या नाहीत. त्या ऐकताना आमची मान लवते. रायफलीकडे मात्र लक्ष जात नाही. ब्लँक काडतुसात गोळी नसली तरी दारू असतेच, आणि नळीतून निघणारा तप्त झोत जवळच्या माणसाला जायबंदी करू शकतो. म्हणूनच नळ्या जमावापासून दूर, आकाशाकडे रोखतात. जुन्या शस्त्रांत आणखीही धोके असतात. इशापूरची ७.६२ मिलिमीटरची रायफल दिसायला .३०३ एनफील्डसारखीच, काडतूस निराळे. २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यविधीत २२ रायफलींपैकी एकही उडाली नाही. असे न उडालेले काडतूस क्षणभराने पेटूही शकते. तेव्हा नळी वरच ठेवून थांबावे लागते. शेवटी बोल्ट उघडून चेंबर रिकामे असल्याची खात्री करायची आणि काडतुसे मोजून परत घ्यायची. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. पण गेलेल्याचा मान राखताना मागे उरलेल्यांचा जीव जपणे, हाही त्या मानवंदनेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.