वन्संबरोबर मंगळवेढ्याला

माधवनगर हे मागांचं गाव. रात्रपाळीचे यंत्रमाग पहाटेपर्यंत खडखडत असतात आणि तो आवाज आमच्या इतका अंगवळणी पडलाय, की वीज जाऊन माग थांबले तरच जाग येते. त्या पहाटे मात्र माग चालू असूनही मी जागीच होते. यांच्या पोटातली गाठ काढली होती, ती तपासायला पाठवली होती, आणि रिपोर्ट यायचा होता. मिरजेहून घरी आल्यापासून देवापुढचा दिवा मी विझू दिला नव्हता. तरी रात्री तीनच्या सुमाराला डोळे उघडायचे आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं.

वन्सं मंगळवेढ्याच्या. भावाला दवाखान्यात नेल्याचा फोन गेला, त्याच रात्री त्या एसटीने येऊन धडकल्या होत्या. दवाखान्यात खाटेशेजारी फरशीवर सतरंजी टाकून त्या झोपल्या, डबे धुतले, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढल्या-उतरल्या. आता फाल्गुनात त्यांची ज्वारी काढायला आली होती. "वहिनी, मला एक दिवस जाऊन यायलाच पायजे. तुम्हीबी चला. हितं बसून रिपोर्ट काय लवकर येणार न्हाई. पोरगा हाय की दादाजवळ." मुलगा रजा काढून आला होता. यांनीही जा म्हटलं. रिक्षा सांगून ठेवली आणि उजाडायच्या आत आम्ही मिरज गाठली.

मिरज स्टेशनावर उभं राहिलं की निम्मी माणसं दवाखान्याला आलेली दिसतात. पिशवीत एक्स-रेची मोठी पाकिटं, हातात डबा, चेहऱ्यावर तीच वाट बघणं. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वॉन्लेस यांचं रुग्णालय इथे 1894 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून हे असंच चालत आलंय. रेल्वेचा फाटा आणि नामांकित शल्यवैद्य दोन्ही एका गावात, म्हणून कर्नाटकापासून कोकणापर्यंतचं दुखणं मिरजेला येतं. आणि दुखण्याबरोबर नवस येतात. मीरासाहेबांच्या दर्ग्यात सगळ्या धर्मांची माणसं जातात. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ प्लेगमधून उठले ते इथल्याच कृपेने, असं मिरजकर मानतात. दर वर्षी उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं आणि खाँसाहेब दर्ग्याच्या आवारातच विसावले आहेत.

त्यांचा शेवट मला त्या पहाटे फलाटावर आठवला. 1937 साली पुदुच्चेरीला जाताना वाटेत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावर अंथरलेल्या वस्त्रावर बसले, प्रार्थना केली, दरबारी राग गायले आणि गेले. एकदा ज्या दारात मरणातून सुटका मिळाली, त्या दाराशी दर वर्षी गायलेला हा माणूस. अखेरच्या प्रार्थनेत त्याने काय मागितलं असेल? मला वाटतं, मागितलं नसेल काहीच. पण मला ते साधत नव्हतं. मला मागायचं होतं.

आणि माझी अडचण मागण्यातच होती. गाठ तर कधीच निघाली. ती साधी की वाईट, हे ती बरणीत पडली तेव्हाच ठरलेलं. मग आता देवाला साकडं कसलं घालायचं? झालेलं बदल म्हणून? हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग जपमाळ हातात धरली तरी बोटं थबकायला लागली. मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांना वाटत होतं, ही दिव्यापुढे बसलीय, म्हणजे हिचा विश्वास भक्कम आहे.

पंढरपूरकडे जाणारी पॅसेंजर निघाली. हा मार्ग जुना. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी 1927 साली मिरजेपर्यंत आली, पुढे कितीतरी वर्षांनी रूळ रुंद झाले. आरगचे पानमळे, मग द्राक्षांच्या बागा, बेदाण्याच्या शेडवर ताणलेल्या जाळ्या, आणि कवठेमहांकाळच्या पुढे हळूहळू उघडी पडत गेलेली जमीन. याच रुळांवरून 2016 च्या एप्रिलमध्ये पाण्याची रेल्वे लातूरला गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. समोरच्या बाकावर ढालगावची एक म्हातारी होती, तिने ती गाडी बघितली होती. म्हणाली, "आमच्या शिवारातनं पाणी चाललंय आन् आमची हीर कोरडी. हात जोडलं मी गाडीला. म्हटलं, जा बाई, त्यांच्याकडं तरी जा." म्हैसाळ योजनेचं पाणी आता या भागात बऱ्याच ठिकाणी पोहोचलंय. पावसासाठी देव पाण्यात ठेवणारी माणसं आणि पाटबंधारे कचेरीत अर्ज घेऊन बसणारी माणसं, ही तीच माणसं. दोन्हीत त्यांना विरोध कधी वाटला नाही.

सांगोल्यानंतर डाळिंबाच्या बागा मागे पडल्या आणि डब्यात कुणीतरी टाळ काढले.

पंढरपुरात वारी नव्हती, तरी रांग होती. आम्ही मुखदर्शन घेतलं. विठोबासमोर मला काही सुचलं नाही, हे खरं सांगते. डोळे भरले, पुढच्या बाईने पुढे व्हा म्हटलं, आणि मी बाहेर. दर्शनापेक्षा जास्त वेळ मी महाद्वाराशी थांबले. तिथे नामदेव पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. वन्संची रीत अशी, की आधी चोखोबा, मग नामदेव, मग देव. त्या म्हणाल्या, "ह्यो आमच्या गावचा."

चोखोबा मंगळवेढ्याचे. आयुष्यभर या दाराबाहेर उभे राहिले. आत जायला मिळालं नाही, कारण जात महार. सन 1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चाललेलं असताना भिंत कोसळली, तिच्याखाली ते गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी इथे आणल्या. म्हणजे मेल्यावरही दाराबाहेरच. त्यानंतर सहाशे वर्षं त्यांच्या लोकांसाठी हे दार बंद होतं. 1947 च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला साने गुरुजी इथे तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने त्यांनी अवघा महाराष्ट्र पालथा घातला होता. बडवे हटत नव्हते, शहरात विरोध होता, गांधीजींचाही उपोषण सोडावं असा निरोप आला. ज्यांना गुरू मानलं तेच नको म्हणतात, अशा वेळी माणसाच्या मनात काय काय येत असेल! गुरुजी अतिशय हळवे होते, रडणारे होते. तरी ते उठले नाहीत. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि दहाव्या दिवशी दार उघडायचं ठरलं.

चोखोबांच्या प्रार्थनेचं हे उत्तर म्हणायचं का? मी पायरीशी उभी राहून हाच विचार करत होते. उत्तर म्हणावं, तर यायला सहा शतकं लागली, आणि ते एका उपाशी मास्तराच्या हातून आलं. उत्तर नव्हे म्हणावं, तर मग दार उघडलं कुणी?

पंढरपूर ते मंगळवेढा एसटीने जेमतेम पाऊण तास. काळी, भुसभुशीत, डोळे निवतील अशी जमीन, आणि तिच्यावर मालदांडी ज्वारीचं उभं पीक. वाटेत वन्संनी मला सोयराबाईची गोष्ट सांगितली. मी ती लहानपणी ऐकली होती, पण त्यांच्या तोंडून ती निराळीच वाटली.

सोयरा चोखोबांची बायको. उतारवयात दिवस गेले होते. घरात बाळंतपणाला लागणारं काही नाही. चोखोबा घाबरले आणि बहिणीला, निर्मळेला, आणतो म्हणून घरातून निघून गेले. इकडे कळा सुरू झाल्या. सोयरा एकटी. तिने विठोबाचा धावा केला. थोड्या वेळाने दारात नणंद उभी. निर्मळेनेच सगळं केलं, पाणी तापवलं, बाळंतपण केलं, मुलाला न्हाऊ घातलं. ती गेली, आणि मग खरी निर्मळा चोखोबांबरोबर आली. तोवर सोयरेला पत्ताच नव्हता की आधी आली ती कोण.

"देवाला दुसरं रूप सुचलं न्हाई बगा," वन्सं म्हणाल्या. "नणंदेचंच घेतलं." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. दवाखान्यातल्या फरशीवरची सतरंजी माझ्या डोळ्यांसमोर आली. मी रोज दिव्यापुढे बसून ज्याची वाट बघत होते, त्यातलं निम्मं डबा घेऊन कधीच आत आलं होतं, आणि मी त्याला वाटेतून सरायला सांगून दिव्यात तेल घालत होते.

त्या मुलाचं नाव कर्ममेळा. हे मला फार मोठं वाटतं: ज्याचं बाळंतपण साक्षात देवाने केलं, तोच पोरगा पुढे देवाला सगळ्यांत कडक प्रश्न विचारतो. आम्हाला या जातीत का घातलंस, उष्टं खायला का लावलंस, यात तुला कसलं सुख, असा त्याच्या अभंगांचा सूर आहे. बापासारखी समजूत तो घालून घेत नाही. आणि वारकऱ्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. त्याचे अभंग बापाच्या आणि आईच्या अभंगांबरोबर जपले. बाळंतपणाला आलेला देव भिंत पडताना का आला नाही, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नसेल? तो प्रश्न आजही तसाच आहे. पण ज्या परंपरेत तो विचारता येतो, तिच्यात माझ्यासारखीला बसायला जागा आहे, एवढं त्या एसटीत माझ्या मनाने धरलं.

मंगळवेढ्यात आम्ही चोखोबांच्या स्थानाशी गेलो आणि मग दामाजीपंतांच्या देवळात. दामाजींची गोष्ट तर महाराष्ट्रात पोराटोरांना पाठ. दुष्काळात सरकारी कोठारं उपाशी लोकांना खुली केली, बिदरच्या बादशहाने पकडून आणायचा हुकूम सोडला. शिपाई त्यांना घेऊन निघाले. तिकडे विठू महार नावाचा एक माणूस दरबारात गेला, धान्याचे पैसे चुकते केले, पावती घेतली आणि दिसेनासा झाला. दामाजींसाठीही देव आला तो महाराच्याच वेशात, त्याच गावच्या, ज्या गावाने चोखोबांना वेशीबाहेर ठेवलं!

देवळाच्या ओट्यावर बसले असताना माझ्या अडचणीची गाठ थोडी सैल झाली. बिदरच्या वाटेवर चालणारे दामाजी मी डोळ्यांपुढे आणले. मरण समोर दिसत होतं. ते नाम घेत असतील, आणि पाय लटपटतही असतील. त्याच वेळी बिदरला पैसे भरले गेले होते, पावती फाटली होती. त्यांना ते माहीत नव्हतं. जे घडून गेलंय त्यासाठी प्रार्थना करण्यात काय अर्थ, असं मी स्वतःला बजावत होते. दामाजींची सगळी वाट तशीच गेली होती, आणि कुणी त्यांना म्हटलं नाही की तुमचं नाम वाया गेलं. शेवट काय आहे ते बदलायला नव्हे, तर बिदरपर्यंत पायांनी चालायला ते नाम लागत होतं. माझ्या रिपोर्टात वाईटही असू शकतं. दामाजींसारखी पावती सगळ्यांच्या हातात पडत नाही, हे चोखोबांचं गाव मला सांगतच होतं. पण चालायचं तर होतंच.

संध्याकाळी वन्संच्या रानात गेले. मालदांडी उपटून काढतात. बायका ओळीने वाकून ताटं मुळासकट ओढत होत्या. मीही लागले. हात सोलले, कंबर दुखली, आणि रात्री तिथल्याच ज्वारीची भाकरी खाऊन मी झोपले ती सकाळपर्यंत. तीन वाजता डोळे उघडले नाहीत.

सकाळी मुलाचा फोन आला. रिपोर्ट आलाय, डॉक्टरांनी दुपारी सगळ्यांना बोलावलंय. त्याच्या आवाजावरून काही कळेना. पाय थरथरले, पोटात खड्डा पडला. भीती काही गेली नव्हती. फक्त यावेळी ती आली तेव्हा मी एकटी नव्हते आणि दिव्याकडे धावलेही नाही. वन्संनी कडब्याचं काम गड्यावर सोपवलं, मला म्हणाल्या, "चला, मीबी येते. पोळ्या बांधून घेते दादाला."

मिरजेकडे जाणाऱ्या एसटीत मी पर्समधून जुनं बिल काढलं आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूला प्रश्न लिहायला घेतले. आजवर डॉक्टरांपुढे मी नुसती मान हलवत आले होते. गाठ पूर्ण निघाली का? पुन्हा येऊ शकते का? पुढचे उपचार मिरजेतच होतील की मुंबईला जावं लागेल? खर्च किती, आणि सरकारी योजनेत बसतं का? यांना सगळं सांगायचं की थोडं थोडं? गाडी खड्ड्यात आदळली की अक्षर वाकडं व्हायचं. वन्संनी वाचलं आणि म्हणाल्या, "एक ऱ्हायलं. भाकरी चालंल का, ते विचारा." मी सहावा प्रश्न लिहिला.