कराचीची फाईल

१९४७ च्या फाळणीत आजोबांची कराचीतली जागा सीमेपलीकडे गेली आणि ते बोटीने भाट्याला परतले. जागेची फाईल बाबांनी अजून जपलीये. परवा चाळली. १९५० च्या कायद्याखाली आधी दाव्याची तपासणी, मग १९५४ च्या कायद्याने भरपाई. तीही पूर्ण नाहीच, दावा जितका मोठा तितकी टक्केवारी कमी! (मला आपले इन्कम टॅक्सचे स्लॅब आठवले.) त्यात खरेदीखत कराचीतच राहिलेलं, म्हणून साहेबांनी किंमत आधीच निम्मी धरली. आलेल्या पैशांत माडांची वीस रोपं लागली आणि विहिरीला कठडा झाला. आजी म्हणायची, "एवढीशीच होती होय कराची?"

२००५ साली ते कायदेच रद्द झाले. बाबा मात्र दर पावसाळ्याआधी फाईलीत डांबरगोळ्या घालतात.