ठिणगी जाते कुठं

घनसावंगीत जुन्या चेतक स्कूटर अजून निघतात. कुणी मोसंबीच्या बागेवर डबा नेतो, कुणी तीर्थपुरीच्या बाजाराला जातो. बजाजनं आकुर्डीला १९७२ साली काढायला सुरुवात केलेली ही गाडी बंद होऊनही कित्येक वर्षं झाली. पण ती अडली की मालक ढकलत माझ्याकडं आणतो आणि स्टँडवर लावायच्या आतच निदान सांगतो, "मिस्तरी, कॉइल गेली."

कॉइल जाते, पण क्वचित.

जुन्या चेतकचं इग्निशन बॅटरीवर नाही. मॅग्नेट फिरलं की आतल्या तांब्याच्या गुंडाळीत करंट तयार होतो. पॉइंट उघडला की तो तुटतो आणि एचटी कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका प्लगवर जातो. उघडत्या पॉइंटवर जाळ होऊ नये म्हणून कंडेन्सर. गोदावरीला पूर आल्यावर बचावाच्या बोटीमागं जी इंजिनं लावतात, त्यांतली जुन्या घडणीची याच तत्त्वावर चालत. त्यांना सिलिंडर दोन आणि कॉइलही दोन असल्या, तर कॉइल अदलाबदल करून दोषी कोण ते कळतं. चेतकमध्ये ती सोय नाही, इथं डोकंच चालवावं लागतं.

मी आधी इंजिन बंद करणारी वायर सोडवतो. स्विच दाबल्यावर ती करंट बॉडीला देते आणि ठिणगी मरते. हँडलच्या मानेत ती घासून सोलली गेली, की स्विच न दाबताही तेच होतं. "डावीकडं वळलो की बंद पडते" असं कुणी म्हटलं की मी मॅग्नेटकडं बघतही नाही. बोटीच्या इंजिनालाही बंद करायची अशीच सोय असते: चालवणाऱ्याच्या मनगटाला दोरी असते, तो पाण्यात पडला की ती निसटून इंजिन थांबतं. चालू होत नसेल तर आधी ती जागेवर आहे का बघायचं. गाडी आडवी करून किक मारण्याची सवय पेट्रोलसाठी ठीक आहे, करंटला तिचा काही उपयोग नाही.

वायर सोडूनही ठिणगी मेलेली असेल तर मग पॉइंट. मॅग्नेटच्या खिडकीतून फिलर गेज घालून फट बघतो, ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या आत हवी. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग मागं सरकतं, म्हणून फेल्टला थेंबभर तेल लागतं. पॉइंट काळे पडून खड्डे पडलेले आणि ठिणगी पिवळट असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. बाजारातल्या नव्या कंडेन्सरवर माझा फारसा भरवसा नाही, जुना धड असेल तर तोच ठेवतो.

अवघड गाडी ती, जी सकाळी एका किकला सुरू होते, वाटेत मरते आणि लिंबाखाली थोडी थांबली की पुन्हा चालते. थंड गाडी तपासून तिथं काही हाती लागत नाही. मेली त्याच क्षणी, गरम असतानाच, प्लग काढून ठिणगी बघायची. तापल्यावर कॉइलच्या गुंडाळीतला तुटका धागा सुटतो, निवल्यावर पुन्हा चिकटतो. तेव्हा मात्र कॉइलच बदलावी लागते, आणि मालक मला ऐकवतो, "मी आधीच म्हटलं होतं."

बाकी बहुतेक वेळा काम निघतं ते सोललेल्या वायरीवर टेप गुंडाळण्याचं. त्याचे पैसे सांगितले की मालक म्हणतो, "पण मिस्तरी, पार्ट तर काहीच टाकला नाही!"