गच्चीवर पत्रे टाकायचे की नाही?



या वर्षी अख्खा मे महिना आमच्याकडे संध्याकाळच्या जेवणाला एकच विषय होता. गच्चीवर पत्रे टाकायचे की नाही? जळगावचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! पारा 45 च्या आसपास गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडत बसतो. वरच्या खोलीत रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. ह्यांचं म्हणणं, सगळी गच्ची झाकून मोकळे होऊ. फॅब्रिकेटर माप घेऊन गेला आणि दोन लाखांच्या वरचा आकडा सांगून गेला.

माझं कारण मात्र ऊन नव्हतं. माझं कारण होतं लील.

आमच्या गच्चीचा उतार मुळातच बिघडलेला. आषाढात दोन चांगले पाऊस झाले की कडेला पाणी साचतं आणि आठवड्यात हिरवा थर धरतो. सासूबाईंचा रोज तीन सामायिकांचा नियम आहे. एरवी पहाटेचं सामायिक त्या गच्चीवरच करतात, पण चातुर्मास लागला की गच्ची त्यांना बंद. निगोदाचे अनंत जीव, त्यावर पाय कसा द्यायचा? पंच्याहत्तरी उलटलेली बाई चार महिने खालच्या अंधाऱ्या खोलीत बसते.

आणि एक गोष्ट लिहायला जड जातेय, तरी लिहिते. गेल्या वर्षी घरात अठाईचं पारणं होतं. पाहुणे वरती जाणार म्हणून मी कामवाल्या मावशींना ब्लीचिंग पावडर दिली आणि ती लील घासून काढायला लावली. अर्ध्या तासात गच्ची चकाचक! सासूबाई जिन्याच्या दारात उभ्या होत्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयंबिल केलं. का, ते मी विचारलं नाही. संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम म्हणताना मात्र माझी मान वर होईना.

म्हणून पत्र्यांचा विषय निघाल्यावर मला वाटलं, सुटलो. पाणीच पडलं नाही तर लील कुठून येणार?

मग चार दिवस धुळ्याला माहेरी गेले. तिथे भावाने तीन वर्षांपूर्वी पूर्ण गच्चीवर पत्रे टाकलेत. वहिनी म्हणाली, "ताई, दुपारी वर जाऊच नका, भट्टी आहे." खालच्या खोल्या खरंच थोड्या थंड झाल्यात, हे मान्य. पण पत्रा बुटका, तीन बाजूंनी निम्म्या उंचीच्या भिंती. गरम हवा कोंडते आणि रात्री वर झोपायची सोय गेली ती गेलीच. उडदाचे पापड, कुरडया आता शेजारणीच्या गच्चीवर वाळतात!

मी पश्चिमेच्या कोपऱ्यात गेले तर फरशीवर काळपट हिरवे वाळलेले पापुद्रे. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाऊस तिरपा आत येतो, आणि वर पत्रा असल्यामुळे ऊन काही तिथपर्यंत पोचत नाही. उघड्या गच्चीवर चार दिवसांची उघडीप मिळाली की सगळं खडखडीत होतं. तिथे ओल महिनाभर राहते. म्हणजे ज्याच्यासाठी पत्रे टाकायचे, तेच पत्र्याखाली जास्त मुक्कामाला!

वरती लोखंडी अँगलवर कबुतरांची तीन घरटी. एकात अंडी होती. वहिनी रोज खाली पडलेल्या काड्या गोळा करते, पण घरट्याला हात लावत नाही. जाळी लावावी तर पाय अडकून कबुतर तडफडतं, तेही तिने एकदा पाहिलंय. भावाने पंखा बसवला होता तो बंदच ठेवलाय. दिवा लावला की पावसाळ्यात पाखरांचा खच पडतो म्हणून बल्बही काढलाय. मग दीड-दोन लाख खर्चून मिळालं काय, कपडे वाळत घालायची जागा?

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. वर मातीचा जाड थर, दर उन्हाळ्याच्या शेवटी आजोबा खारी माती टाकून घ्यायचे. मे महिन्यात खालची खोली रांजणासारखी गार असायची. आम्ही भावंडं धाब्यावर झोपायचो. पौषधात मात्र आजी वर यायची नाही, उघड्या आभाळाखाली रात्री बसायचं नाही म्हणून. तेव्हाही वापर होता तो काळवेळ बघूनच.

परत आले आणि ह्यांच्याशी दोन दिवस वाद घातला. शेवटी ठरलं ते असं. जिन्याच्या तोंडाशी फक्त दहा बाय बारा झाकायचं, पत्रा चांगला उंच, चारही बाजू मोकळ्या, पन्हळ लावून पाणी थेट खालच्या टाकीत. अँगलऐवजी गोल पाइप, म्हणजे घरट्याला बैठक कमी. पंखा नाही, दिवा नाही. पत्रे नुसते खिळ्यावर ठेवायचे नाहीत, रबरी वॉशर लावून बोल्टने आवळायचे. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे सैल पत्र्याचं काय! बाकीच्या गच्चीचा कोबा फोडून उतार नीट केला आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवले. पांढऱ्या रंगाने ऊन परततं. वरची खोली थंड झाली असं म्हणणार नाही, पण दहा वाजता पंख्याखाली झोप लागते. हे सगळं पावसाच्या आधी केलं. लील धरल्यावर हात लावायचा नाही, धरूच द्यायची नाही, जयणा म्हणतात ती हीच ना?

सासूबाईंना विचारलं होतं, पूर्ण झाकलं असतं तर आवडलं असतं का. त्या म्हणाल्या, "मला बसायला कटासनाएवढी जागा पुरते गं."

आषाढ गेला, श्रावण निम्मा झाला. गच्ची कोरडी राहिली, एक कोपरा सोडून. टाकीच्या बुडाशी तळहाताएवढी हिरवी झाक दिसली तेव्हा माझा जीव खाली गेला. उतार तर तिथे चांगला होता. दोन दिवस लक्ष ठेवलं, मग कळलं. नळ येतो तेव्हा मी मोटर लावते आणि विसरते, टाकी भरून वाहते. पाऊस नाही, मीच! अपकायाची विराधना वेगळीच. आता मोटर लावली की घड्याळाचा गजर लावते, टाकीला बॉल-व्हॉल्व्हही बसवून घेतला.

त्या कोपऱ्याभोवती मी चार विटा मांडून ठेवल्यात, कुणाचा पाय पडू नये म्हणून. सासूबाई पहाटे पत्र्याखाली बसतात. सामायिक पारून उठल्या की आधी त्या विटांपाशी जाऊन वाकून बघतात, वाळलं का. अजून वाळलेलं नाही.