दुसरी फळी

'दुसरा वर्ग' हे शब्द कानी पडले, की मला कोणी आपल्या माणसाने हाक मारल्यासारखे वाटते. आमच्या गावच्या वाचनालयात माझ्या कादंबऱ्या दुसऱ्या फळीवर असतात, आणि शाळेत माझा जीव गुंततो तो मधल्या बाकांवरच्या मुलांत. टेबल टेनिसच्या दुनियेतही मला ओढ आहे ती असल्याच एका बाकाची.

आंतरराष्ट्रीय महासंघाने 2017 साली 'वर्ल्ड टूर'च्या खालच्या पायरीवर 'चॅलेंज' मालिका मांडली. बक्षिसे बेताची, गाजावाजा त्याहून बेताचा. पण इथल्या विजयाचे गुण जागतिक क्रमवारीत जमा होत. म्हणून खेळाडू बॅट पिशवीत घालून देशोदेशी हिंडत.

2020 चा मोसम मात्र माझ्या मनातून जात नाही. मार्चमध्ये मस्कतला आपला शरत कमल उतरला. वय 37. दौऱ्यावरचे एकेरीचे आधीचे अजिंक्यपद इजिप्तमधले, 2010 सालचे! मध्ये दहा वर्षे कोरडी. अंतिम सामन्यात समोर पोर्तुगालचा मार्कोस फ्रायतास. पहिला डाव शरतने घालवला, पुढचे तीन घेतले, पाचवा 3-11 असा पुन्हा घालवला. सहाव्यात दहा-दहा झाले. अशा वेळी दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत सुटका नसते. तीन ग्रॅमही न भरणारा तो चेंडू. पण तेव्हा तो किती जड झाला असेल! अखेर डाव 17-15 असा सुटला.

त्यानंतर महासाथीने दौराच थांबवला. 2021 साली नवी रचना आली आणि 'चॅलेंज' मालिका संपली. शरत मात्र संपला नाही. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, चाळिशी गाठलेल्या त्या गड्याने एकेरीचे सुवर्णपदक घेतले. 2025 साली चेन्नईत, आपल्या माणसांसमोर, त्याने स्पर्धात्मक खेळाचा निरोप घेतला.

मस्कतचा तो आकडा मी वर्तमानपत्रात वाचला, त्याच आठवड्यात माझ्या कादंबरीचे हस्तलिखित तिसऱ्यांदा परत आले होते. बांधलेले बाड मी माळ्यावर टाकायला निघालो होतो. सौभाग्यवतींना मी शरतची हकीकत सांगितली. तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारले, "आणि तुमचे किती झाले?"

"दहा-दहा," मी म्हणालो, आणि बाडाची दोरी सोडली.