कुलपाची किंमत

सांगलीच्या गणपती पेठेतील त्या घाऊक मसाल्याच्या दुकानात पाडव्याआधी पुढल्या वर्षाच्या खर्चाची आखणी होत असे. त्या वर्षी मुलाने अण्णांसमोर एक दरपत्रक ठेवले. त्यात रात्रीचा पहारेकरी, संगणकातील हिशेबाची दुसरी प्रत आणि गल्ल्यावर कॅमेरा अशी तीन कलमे होती.

“अण्णा, सुरक्षेच्या बाबतीत काटकसर नको.”

अण्णांनी नकार दिला नाही. कोरी वही पुढे ओढली. “प्रत्येक कलमापुढे दोन आकडे लिही. एकदा नुकसान झाले तर किती रुपयांचे, आणि ते किती वर्षांतून एकदा होते. त्यावरून वर्षाचे अपेक्षित नुकसान निघेल. उपायाचा खर्च त्याच्याशी ताडून पाहू.”

ही रीत पेढीवरची वाटली, तरी १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने संगणक केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही हेच गणित सांगितले होते.

गोदामातील भुरटी चोरी एका खेपेस ४,००० रुपयांची, वर्षातून दोनदा, म्हणजे ८,०००. पहारेकऱ्याचा पगार मात्र वर्षाला १,४४,०००. मुलाने ते कलम स्वतःच खोडले. ३,००० रुपयांच्या भक्कम कुलपाने निम्मी चोरी थांबली, तरी पहिल्याच वर्षी त्याचा खर्च भरून निघणार होता.

दुसरे कलम अवघड होते. हिशेब नष्ट होण्याचा प्रसंग किती वर्षांनी येतो? दिवाणजींनी माळ्यावरून जुन्या वह्या उतरवल्या. त्यांच्या ३० वर्षांच्या नोकरीत २००५ आणि २०१९ च्या महापुरांत असे दोनदा घडले होते. बुडालेली उधारी आणि पुन्हा करावी लागलेली कामे धरून आजच्या भावाने एका खेपेचे नुकसान ६ लाख. म्हणजे वर्षाला ४०,०००. शिवाय संगणकातील फाईली अडकवून खंडणी मागणाऱ्यांची नवी भीती होती. ती धरून अण्णांनी १० वर्षांतून एकदा असा अंदाज बांधला आणि ६०,००० लिहिले. दोन डिस्कचा खर्च १२,०००. मेरीलँड विद्यापीठाच्या लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोब यांनी २००२ साली मांडलेल्या गणितात, त्यांच्या गृहीतकांनुसार, असा खर्च अपेक्षित नुकसानीच्या सुमारे ३७ टक्क्यांपलीकडे नेऊ नये असे निघते. त्या मापानेही येथे २२,००० पर्यंत वाव होता.

“पण एक ध्यानात ठेव,” अण्णा म्हणाले, “हे ६०,००० दरवर्षी थोडेथोडे जाणार नाहीत. जातील तेव्हा सहा लाख एका सकाळी जातील. जो घाव एकदाच बसून पेढी बसवतो, तेथे सरासरीवर विसंबू नये.” त्यांनी मालाच्या विम्याची मुदत पाहून ठेवण्याची नोंद केली.

उरला कॅमेरा. गल्ल्यातील तफावत वर्षाला जेमतेम ३,०००. कॅमेऱ्याचा खर्च १८,०००, शिवाय देखभाल. आकड्यांनीच नकार दिला होता. तरी अण्णा थांबले. गल्ल्यावर ३० वर्षे दिवाणजीच बसत आले होते. समोर उघडलेल्या भिजक्या वह्यांतली उधारी २००५ मध्ये त्यांनीच घरोघर जाऊन, आठवणीने पुन्हा उभी केली होती.

“ही किंमत कोणत्या रकान्यात मांडायची?” अण्णांनी हळूच विचारले. मुलाने मान खाली घातली आणि ते कलमही खोडले.

डिस्क कोठे ठेवायच्या, हा प्रश्न राहिला. संगणकाला जोडून ठेवली तर खंडणीखोर तिलाही अडकवणार. दुकानात किंवा नदीकाठच्या घरात ठेवली तर पुराचे भय. दिवाणजींचे घर गावाबाहेर उंचावर होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मुलगा दिवसाचा हिशेब एका डिस्कवर उतरवतो, तिला परवलीच्या शब्दाचे कुलूप घालतो आणि दिवाणजींच्या हाती देतो. ते आदल्या दिवशीची परत आणतात. कापडी पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी, पेढीचा सारा हिशेब त्यांच्याबरोबर घरी जातो.