मंगलाजोडीचे पाहुणे

शरदातले आभाळ निवळले, की ओडिशातील चिलिका सरोवराच्या उत्तर काठावर, मंगलाजोडीच्या दलदलीत पाहुणे उतरू लागतात. सायबेरिया व मध्य आशियाकडून आलेली तलवार बदके, चक्रवाक, पाणटिवळे उथळ पाण्यात विसावतात. नावाडी बांबूने होडी रेटत लव्हाळ्यांतून वाट काढतो. एके काळी याच गावातील अनेकजण पाखरे मारून विकत. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत चिलिकाचा समावेश झाला. परंतु येथील पाखरांना खरे अभय लाभले ते शिकाऱ्यांनीच राखणदार होण्याचे ठरवले तेव्हा. पाखरांचा ठाव घेण्याचे जुने कसब आता ती इतरांना दाखवण्याच्या कामी येते. एखादा थवा बिचकून उडाला, तर नावाडी होडी थांबवतो आणि पाखरे पुन्हा पाण्यावर उतरेपर्यंत निमूटपणे वाट पाहतो.